वाढत्या अंगाचं

पांढुर्णा जिल्हा होणार ही घोषणा २४ ऑगस्ट २०२३ ला झाली, सौंसरजवळच्या जामसावळीत, हनुमान लोकाच्या भूमिपूजनाला. त्याच्या बरोबर अठ्ठावीस वर्षं आधी, २४ ऑगस्ट १९९५ ला, विंडोज ९५ बाजारात आलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही. पण असले बिनकामाचे योगायोग जपून ठेवणारा एक तरी माणूस प्रत्येक गावात लागतो, आणि आमच्याकडे ती जागा बरीच वर्षं रिकामी होती.

५ ऑक्टोबरला जिल्हा खरोखरच झाला, मध्य प्रदेशातला पंचावन्नावा. पाट्यांवरचं ‘जि. छिंदवाडा’ पुसून ‘जि. पांढुर्णा’ लिहायचं काम पेंटरांना मिळालं. छिंदवाड्यात अक्षरं चार, पांढुर्ण्यात तीन, त्यामुळे नवं नाव जुन्याच जागेत ऐसपैस बसलं. नवी गोष्ट जुन्या जागेत अशी बिनबोभाट बसल्याचं त्यानंतर माझ्या तरी पाहण्यात नाही. कॉम्प्युटरच्या बाबतीत तर नाहीच नाही.

बंद पडलेला कॉम्प्युटर आमच्याकडे ज्या दुकानात नेतात तिथे झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, खसरा-बी वनच्या नकला, मोबाइलच्या काचा आणि ‘कॉम्प्युटर रिपेरिंग’ हे सगळं एकाच शटरखाली चालतं. मी तिथे बसतो. काम काही नसतं. त्यांचा कूलर चांगला आहे.

दुकानात दोन कारागीर. एक पांढुर्ण्याचा, दुसरा सावरगावचा, आणि दोन्ही गावांच्या मधून जाम नदी वाहते. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो : पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी या नदीत पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा बांधतात, आणि दोन्ही काठांवरची माणसं एकमेकांवर दगड भिरकावत तो मिळवायला बघतात. ही गोटमार. ती वर्षातून एकदा होते. दुकानातली रोज होते, आणि झेंड्याच्या जागी कुणाचा तरी लॅपटॉप असतो.

पांढुर्णेकर हा फॉर्मेटवादी. कोणताही आजार सांगा, त्याचं औषध एकच, ‘विंडो मारून देतो.’ प्रिंटर चालत नाही, विंडो मारू. आवाज येत नाही, विंडो मारू. तो फक्त एवढंच विचारतो, ‘डेस्कटॉपवर काही कामाचं हाय का?’ हा प्रश्न आला की मालकानं मन घट्ट करायचं. सावरगावकर शोधवादी. स्क्रीनवर आलेला इंग्रजी निरोप पहिल्या अक्षरापासून शेवटच्या पूर्णविरामापर्यंत वाचणारा तालुक्यातला, चुकलो, जिल्ह्यातला तो एकमेव माणूस. बाकी आपण सगळे ‘ओके’ दाबून मोकळे होतो. नंतर दुकानात येऊन सांगतो, ‘काहीतरी लिहून आलं होतं.’

परवा एक निवृत्त गुरुजी आले. भाच्यानं त्यांना विंडोज ११ ची आयएसओ उतरवून दिली होती आणि आतल्या फाइली पेनड्राइव्हवर टाकायला सांगितल्या होत्या. गुरुजींनी हयातभर वर्गात साठ पोरं तीस पोरांच्या बाकांवर बसवलेली. जागा नाही हे उत्तर ते ऐकून घेत नाहीत.

‘पाय ना भाऊ. बत्तीस जीबीचा पेनड्राइव्ह. सबन खाली. फाइल पाच जीबीची बी नाई. अन् हा म्हणते, बसत नाई. कायची बसत नाई?’

‘पेनड्राइव्ह खराब हाय काका, नवा घ्या,’ पांढुर्णेकर म्हणाला.

‘खराब कायचा बे? फॅट थर्टीटू हाय तो,’ नदीच्या पलीकडून पहिला दगड आला.

खरं होतं त्याचं. फॅट ३२ ही डिस्कवर फाइली मांडायची पद्धत १९९६ ची. तीत फाइलची लांबी लिहायला ३२ बिटांची जागा ठेवलेली. त्यामुळे एक फाइल मोठ्यात मोठी ४,२९,४९,६७,२९५ बाइटची, म्हणजे चार जीबीला एक बाइट कमी. त्या काळी अख्खी हार्डडिस्कच एक-दोन जीबीची असायची, तेव्हा चार जीबीची एकटी फाइल कोण कशाला करील? पण पद्धत टिकली आणि फाइल सुटली. आजचे मदरबोर्ड सुरू होताना हमखास वाचतात ती हीच जुनी फॅट मांडणी, आणि विंडोजच्या सेटअपमधली इन्स्टॉल डॉट विम नावाची मुख्य फाइल मध्यंतरी कधीतरी चार जीबीची वेस ओलांडून गेली. मदरबोर्डला समजेल असा पेनड्राइव्ह करावा तर फाइल मावत नाही, आणि फाइल मावेल असा केला तर मदरबोर्डला वाचता येईलच असं नाही. पेनड्राइव्ह सगळा रिकामा, फाइल त्याच्या सहाव्या हिश्शाचीही नाही, आणि गुरुजी उभे.

यावर उपाय दोन. एक, त्या फाइलचे तुकडे करायचे. विंडोजमध्येच डिस्म नावाचं हत्यार आहे, ते हे काम करतं आणि सेटअप ते तुकडे बिनतक्रार जोडून घेतो. दुसरा उपाय रुफस नावाच्या छोट्या प्रोग्रामचा : तो पेनड्राइव्हवर मोठा भाग एनटीएफएसचा करतो आणि कोपऱ्यात चिमूटभर फॅटचा भाग ठेवतो. मदरबोर्ड आधी त्या कोपऱ्यात शिरतो, तिथे एनटीएफएस वाचायचा मंत्र शिकतो आणि मग मोठ्या भागाकडे वळतो. सावरगावकरानं दुसरा उपाय केला. गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘हे बनवणाऱ्याले आदीच थोडी जास्त जागा ठेवता नाई आली?’

गुरुजींचा प्रश्न फार मोठा आहे. आपल्याकडे शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा शिवतात. जूनमध्ये पोरगं नवी पँट घालून निघतं तेव्हा ते पँटीत आहे की पँटच एकटी चालली आहे हे रस्त्यावरच्याला नीट कळत नाही. कमरेला दोन चिमट्या, खाली चार बोटं दुमड. पहिल्या वर्षी ती लोंबते, दुसऱ्या वर्षी बसते, तिसऱ्या वर्षी दुमड उसवून आणखी एक वर्ष निघतं, आणि मग धाकट्याची पाळी येते. एवढी दूरदृष्टी ज्या समाजाच्या शिंप्याकडे आहे, तिथल्या माणसाला कॉम्प्युटरचा इतिहास वाचताना गहिवरून येतं. ऑपरेटिंग सिस्टीम बनवणाऱ्यांच्या आया त्यांना मापाचेच कपडे शिवत असाव्यात.

मूळ माप तर बघा. आयबीएमच्या पीसीची जी जुनी रीत १९८१ पासून चालत आली, तिच्यात बटण दाबल्यावर यंत्र डिस्कचा पहिला तुकडा वाचतं. तो तुकडा ५१२ बाइटचा. हार्डडिस्क असेल तर त्यातल्या ६४ बाइटांत पार्टिशनची वहिवाट लिहिलेली, शेवटच्या दोनांत सही, आणि प्रत्यक्ष प्रोग्रामला उरतात ४४६. आमच्याकडच्या लग्नपत्रिकेत नुसती प्रेषकांची आणि कार्यवाहांची नावं एवढ्या अक्षरांत बसायची नाहीत. त्या ४४६ बाइटांनी काय करायचं, तर मागे रांगेत उभ्या असलेल्या जरा मोठ्या प्रोग्रामला हाक मारायची. तो येतो आणि त्याहून मोठ्याला हाक मारतो. अशा हाकांवर हाका होत शेवटी स्क्रीनवर निळं आभाळ आणि हिरवी टेकडी दिसायची.

मग फ्लॉपी. साडेतीन इंची फ्लॉपीवर १.४४ मेगाबाइट मावतात असं आपल्या पिढीनं परीक्षेत लिहिलं आणि गुण मिळवले. वास्तविक तिच्यावर मावतात १४,७४,५६० बाइट. हजार-हजाराच्या हिशेबानं हे १.४७ होतात, १०२४ च्या हिशेबानं १.४१. १.४४ हे कुठल्याच हिशेबात बसत नाही. ते एकदा १०२४ नं आणि एकदा हजारानं भागून काढलंय. संत्र्याच्या बागेचा सौदा करताना कुणी एक झाड शेकड्यानं आणि दुसरं डझनानं मोजलं असतं, तर आमच्याकडे गोटमार तारखेआधीच झाली असती.

या १.४४ मध्ये, किंवा जे काय असेल त्यात, लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमनं बालपण काढलं. हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्यानं १९९१ मध्ये ते लिहिलं तेव्हा सगळं मिळून दहा हजार ओळींच्या आसपास होतं. आज तीन कोटींच्या वर ओळी आहेत. बाळसं म्हणावं तरी किती! सुरुवातीला एक फ्लॉपी बूटची आणि एक रूटची, एवढ्यात काम भागायचं. पण जगातल्या प्रत्येक नव्या कार्डाचा आणि ड्राइव्हचा ड्रायव्हर तिच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, यायला लागला आणि सगळे मिळून एका फ्लॉपीत मावेनात. स्लॅकवेअर या १९९३ च्या लिनक्सनं तोड काढली : फ्लॉपी एकच ठेवायची, पण तिच्या आवृत्त्या ढीगभर करायच्या. मित्सुमीचा सीडी ड्राइव्ह असेल तर ही, अॅझटेकचा असेल तर ती, साउंड ब्लास्टरच्या कार्डाला जोडलेला असेल तर तिसरी. म्हणजे आधी आपल्या सीडी ड्राइव्हचं कूळ-गोत्र काढायचं, मग त्याला पत्रिका जुळणारी फ्लॉपी शोधायची.

आपल्या देशात हा उद्योग घरोघरी पोचला तो १९९६ पासून, पीसीक्वेस्ट मासिकाबरोबर लिनक्सची सीडी फुकट यायला लागली तेव्हा. त्यामागे अतुल चिटणीस होते. बर्लिनमध्ये जन्मलेले, बेळगावात इंजिनीअर झालेले आणि बंगळुरूत लिनक्सचा झेंडा रोवलेले. सौंसरचा माझा एक मित्र तेव्हा छिंदवाडा-नागपूर छोट्या लाइनीनं, त्या अडीच फुटी रुळांवरून हलत-डुलत नागपूरला जाऊन ते मासिक घेऊन यायचा. सीडीवर साडेसहाशे मेगाबाइटचा ऐवज, पण बऱ्याच यंत्रांना सीडीवरून सुरू होताच येत नव्हतं. सीडी वाचायला ड्रायव्हर लागतो आणि ड्रायव्हर सीडीत. म्हणून आधी दुसऱ्या कुणाच्या चालू कॉम्प्युटरवर जायचं, रॉराइट नावाच्या प्रोग्रामनं बूट फ्लॉपी बनवायची आणि मग आपल्या यंत्राच्या तोंडात ती द्यायची. अर्थातच तिसऱ्या फ्लॉपीला बुरशी निघायची. साडेसहाशे मेगाबाइट दीड मेगाबाइटच्या दारात ताटकळत.

यावर मोठ्या कंपन्यांनी जी तोड काढली ती वाचून मला पहिल्यांदा कॉम्प्युटरवाल्यांबद्दल आपुलकी वाटली. फिनिक्स आणि आयबीएम यांनी १९९५ मध्ये सीडीवरून सुरू होण्याचं मानक आणलं, त्याचं नाव एल टोरिटो. हे कॅलिफोर्नियातल्या एका मेक्सिकन हॉटेलाचं नाव आहे. जेवता जेवता कल्पना सुचली म्हणतात. त्यातली एक युक्ती अशी की सीडीनं सुरुवातीला फ्लॉपीचं सोंग घ्यायचं. यंत्राला वाटतं १.४४ ची फ्लॉपीच आली, ते दार उघडतं, आणि आत साडेसहाशे मेगाबाइटचं बिऱ्हाड शिरतं. ही युक्ती जेवताना सुचली असेल यावर माझा पूर्ण विश्वास आहे. उपाशी पोटी माणूस फार प्रामाणिक असतो.

लिनक्सचा गाभा मात्र वाढतच होता. आवळून बांधलेला गाभा अर्ध्या मेगाबाइटच्या पुढे गेला की जुन्या पद्धतीच्या झेडइमेजमध्ये बसत नसे, आणि तो बांधणारा प्रोग्राम ‘सिस्टीम फार मोठी आहे, बीझेडइमेज करून बघा नाहीतर मॉड्यूल वापरा’ असं सांगून काम थांबवत असे. एवढा नेमका, घरगुती सल्ला देणारा निरोप मला नंतर कुठे दिसला नाही. बीझेडइमेजमध्ये गाभा मेमरीच्या पहिल्या मेगाबाइटच्या वर नेऊन ठेवायची सोय होती. नको असलेले ड्रायव्हर मॉड्यूल करून बाहेर काढायचे, हा दुसरा मार्ग. २.६ च्या पिढीत फ्लॉपीवरून थेट सुरू होण्याची सोयच काढून टाकली. तीही पूर्ण काढली नाहीच. ज्या जागेत पूर्वी काम करणारा कोड होता तिथे ‘आता फ्लॉपीवरून थेट सुरू होता येत नाही’ अशी पाटी ठेवली आणि ती पुढे बरीच वर्षं गाभ्याच्या तोंडाशी राहिली. कोडमध्ये त्या पाटीला जे नाव दिलं होतं, त्याचा सभ्य अर्थ ‘चालता हो’ असा आहे. दुकान बंद झाल्याचं सांगायला जागा सापडते.

तुम्ही म्हणाल, आता फ्लॉपी गेली, एक टीबीच्या डिस्क आल्या, आता कसली अडचण? हेच एका कोचिंग क्लासचे सर दुकानात येऊन म्हणाले. त्यांच्या उबुंटूवाल्या मशीनमध्ये पाचशे जीबीची डिस्क, वीस जीबीसुद्धा वापरलेली नाही, आणि अपडेट केलं की ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’. पांढुर्णेकरानं डेस्कटॉपबद्दलचा आपला प्रश्न विचारायला तोंड उघडलं, पण सावरगावकर तोवर कीबोर्डवर बसला होता.

डिस्क मोठी होती, पण बूटसाठी वेगळं काढलेलं पार्टिशन अडीचशे मेगाबाइटपेक्षाही लहान. दर अपडेटला नवा गाभा येतो, त्याच्याबरोबर त्याचं इनिटरॅमएफएस नावाचं गाठोडं येतं, आणि जुनं जोडपं तिथेच राहतं. ते ठेवण्यात शहाणपण आहे. नवा गाभा उठलाच नाही तर जुन्यावरून मशीन सुरू करता येतं. पण किती जुनं? त्या पार्टिशनमध्ये गाभ्याच्या चार पिढ्या एकत्र कुटुंबात नांदत होत्या आणि पाचवी उंबऱ्यात अडकली होती. अर्धी आत, अर्धी बाहेर. आता गंमत अशी की जुन्यांना काढायला ‘ऑटोरिमूव्ह’ म्हणावं तर एपीटी म्हणतं, आधी ती अर्धवट राहिलेली स्थापना पुरी करा. ती पुरी करायला जागा लागते. जागा करायला जुनं काढावं लागतं. नव्या जिल्ह्यातल्या कुणाही माणसाला हे चक्र समजावून सांगावं लागत नाही.

सावरगावकरानं पहिल्यांदा ‘युनेम’ची आज्ञा देऊन मशीन आत्ता कोणत्या गाभ्यावर उभी आहे ते पाहिलं. हे फार महत्त्वाचं. ज्या फांदीवर बसलो ती सोडून बाकीच्या छाटायच्या. मग सर्वांत जुन्या दोन पिढ्या हातानं काढल्या, अडकलेली पुरी करून घेतली, आणि शेवटी गाठोड्याच्या सेटिंगमध्ये ‘मोस्ट’च्या जागी ‘डेप’ लिहिलं. म्हणजे जगातल्या बहुतेक यंत्रांचे ड्रायव्हर भरण्याऐवजी फक्त याच यंत्राला लागतील तेवढे भर. गाठोडं निम्म्याहून कमी झालं. पांढुर्णेकर शांतपणे म्हणाला, ‘एवढ्या वेळात मी दोन विंडो मारल्या असत्या.’ तेही खरं होतं. सरांना किती घ्यायचे हे ठरवताना दोघांत पुन्हा वाजलं, कारण दुकानात विंडो मारायचा भाव ठरलेला आहे. विचार करायचा नाही.

विंडोजचं आवरसावर याहून बेतशीर असेल असं मला वाटायचं. पण जानेवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टनं सुरक्षेचं एक अपडेट पाठवलं, ते जगभर असंख्य विंडोज १० च्या मशिनांवर ०x८००७०६४३ असा आकडा दाखवून पडायला लागलं. कारण काय, तर दुरुस्तीसाठी राखलेल्या रिकव्हरी पार्टिशनमध्ये जागा नाही. ते पार्टिशनही विंडोजनंच एके काळी आपल्या हातानं मापून काढलेलं. कंपनीनं मग लोकांना कळवलं की काळ्या खिडकीत अमुक आज्ञा द्या, शेजारचं पार्टिशन आक्रसून हे अडीचशे मेगाबाइटनं वाढवा. हे घरी बसलेल्या साध्या माणसाला, ज्याला सी ड्राइव्ह आणि डेस्कटॉप यांतला फरक आजही नीटसा पटलेला नाही. आणखी एक प्रकार ऐका. बूटच्या शंभर मेगाबाइटच्या पार्टिशनमध्ये जागा कमी पडून विंडोजचं नवं रूप चढत नसेल, तर मायक्रोसॉफ्टनंच सुचवलेला एक इलाज म्हणजे तिथल्या फॉन्टच्या फाइली पुसणे. यंत्राला वर चढायचं आहे, म्हणून त्याच्या तोंडची अक्षरं काढून घ्यायची. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत नागपूर तिकडे गेलं आणि आम्ही इकडे राहिलो, तेव्हापासून आमच्या घरात मराठी, दफ्तरात हिंदी आणि कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावर इंग्रजी अशी विभागणी आहे. त्यामुळे एखादी लिपी पुसली गेली तर आम्ही घाबरत नाही. दुसरी असते.

शहाणपण थोडंफार येतंय असं दिसतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या फेडोरा ४३ नं बूटसाठी आपणहून ठेवायची जागा एक जीबीवरून दोन जीबी केली. ग्राफिक्स कार्डांचं फर्मवेअर फुगलंय, ते सुरुवातीच्याच गाठोड्यात जातं, हे त्याचं कारण. दोन जीबी म्हणजे सुमारे १४५६ फ्लॉप्या. नुसतं दार उघडायला. सावरगावकरानं ही बातमी दुकानात मोठ्यानं वाचून दाखवली आणि जाहीर केलं की आपण इथून पुढे चार ठेवणार. पांढुर्णेकर म्हणाला, ‘आठ ठेव. तुया घरचं काय जाते?’

त्याच वेळी संत्र्याचे एक बागायतदार काउंटरवर आले. आठवड्यापूर्वी त्यांच्या लॅपटॉपमध्ये नवी एसएसडी टाकली होती, ५१२ जीबीची, पक्क्या बिलावर. मुलानं घरी उघडून दाखवलं तर स्क्रीनवर ४७६.

‘छत्तीस जीबी कुठी गेली?’

पांढुर्णेकरानं सावरगावकराकडे पाहिलं. पहिल्यांदाच दोघं नदीच्या एका काठावर आले. ‘काका, कंपनी हजाराच्या हिशेबानं मोजते, विंडो एक हजार चोवीसच्या हिशेबानं मोजते. माल तेवढाच हाय.’

‘माल तेवढाच हाय तं कमी कायले दिसून रायला?’

‘मोजमाप येगळं हाय ना काका.’

‘म्हणजे घेताना तुयं मोजमाप अन् भरताना मायं मोजमाप?’

सावरगावकरानं कागद घेतला. ५१२ वर नऊ शून्यं काढली, १०२४ नं तीनदा भागून दाखवलं. काकांनी भागाकार बारकाईनं तपासला. तो बरोबर आला याचं त्यांना वाईट वाटलेलं दिसलं. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, ‘शंभरामागं सात. मंडीतला व्यापारी बी एवढा कडता कापत नाई.’

दुकानमालकानं आतून आवाज दिला, ‘काकाले पन्नास रुपये वापस दे रे.’

काकांनी पन्नासाची नोट घेतली, उजेडाकडे धरून पाहिली आणि विचारलं, ‘हे पन्नास कोणत्या हिशेबाचे?’